कंपनीने कोंडलेले दहा घोडे

कंपनीच्या शब्दावर ज्याचा जन्मात विश्वास बसला नाही असा अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच माणूस आहे, आणि माझ्या नशिबाने तो माझा सासरा आहे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. तर या मामांकडे पेडगावला एक जुना, रंग उडालेला, पस्तीस एचपीचा ट्रॅक्टर होता आणि त्याबद्दल त्यांचा स्वतःचा एक सिद्धांत होता. इंजिनात मुळात पंचेचाळीस घोडे असतात. वरचे दहा कंपनी मुद्दाम आत कोंडून ठेवते, म्हणजे शेतकरी कंटाळून पुढचं मॉडेल घेतो. "पस्तीस लिव्हलंय ते आपल्याला येड्यात काढायला," ते म्हणत. "दहा आत हायेत. मला आवाज येतो त्यांचा." उतारवयात लोक देवधर्माला लागतात, मामा इंजिनातल्या डिझेलच्या पंपाला लागले.

त्यांनी काय म्हणून करायचं बाकी ठेवलं नाही! सायलेन्सर अर्धा कापला, कारण धुराला लांब चालावं लागलं की इंजिन दमतं. डिझेलमध्ये कापूर टाकला. ताकद किती वाढली देव जाणे, पण आठवडाभर शेतात आरती चालल्यासारखा वास येत होता. नोझल बदलले, इंजिनाचा बोअर वाढवून घेतला, पंपाचं सील तोडून डिझेलचा स्क्रू रोज थोडा थोडा पिळला. ताकद मोजायला बांधावरची बाभूळ होती. तिला साखळी लावायची आणि ट्रॅक्टरने ओढायचं. एक दिवस ती मुळासकट उपटून आली तेव्हा मामांनी गावभर पेढे वाटले. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "सावलीला तेवढं एकच झाड व्हतं. ते उपटलं अन् वरून पेढे वाटायलेत!"

माणसंसुद्धा ते एचपीतच मोजत. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पाथरीतलं माझं कापडाचं दुकान, घरदार, यातलं त्यांनी काही म्हणता काही विचारलं नाही. मला अंगणात नेऊन ट्रॅक्टर चालू करायला लावला आणि आत जाऊन निकाल दिला, "पोरगा चांगला हाय. पिकअप जरा कमी हाय, पण भार वढील." या शिफारशीवर माझं लग्न झालं. पुढे धोंड्याचा महिना आला. जावयाला पाटावर बसवून पुरणाचे धोंडे वाढायचे, आहेर करायचा, असा तो मान. माझ्यासाठीही पाट मांडलेला होता, पण मी ट्रॅक्टरखाली उताणा पडलो होतो. "जावईबापू, एवढा पाना धरा, दोन मिनटाचं काम हाय." मी बाहेर आलो तेव्हा आहेरातला पांढरा शर्ट काळा झालेला आणि धोंडे गार. सासूबाईंना रडूच आलं. मामा म्हणाले, "आवं, पण आवाज तर ऐका की!" आणि खोटं कशाला सांगू, आवाज छान येत होता.

घरात एकाला मात्र हा आवाज ऐकवत नव्हता. माझा मेव्हणा, मामांचा एकुलता एक मुलगा. शेती आता तोच बघतो. स्वभावाने अगदी गरीब, बापासमोर कधी मान वर केली नाही. पण यंदाच्या उन्हाळ्यात त्याने ठरवलं की हा ट्रॅक्टर एक्स्चेंजमध्ये द्यायचा आणि नवा आणायचा. मामांनी जेवण सोडलं. शेवटी मेव्हण्यालाच राहवेना. तो म्हणाला, "आप्पा, नाल्याकडचं हराळीचं रान हाय न्हवं, ते ह्या ट्रॅक्टरला पलटी नांगर लावून नांगरून दाखवा. नांगरलं, तर इकायचं नाव काढणार न्हाई मी." हराळीने आवळून धरलेल्या त्या काळ्या रानात पन्नास एचपीचे ट्रॅक्टरही माना टाकतात.

मला बोलावणं आलं, अर्थात पाना धरायला. पहिल्याच फेरीला पुढची चाकं उचलायला लागली तेव्हा बांधावर बघायला जमलेले लोक हसले. मग हळूहळू धूर काळा झाला, आवाज भरला आणि ढेकळं म्हशीएवढी उलटायला लागली. दुपार टळायच्या आत रान संपलं. बांधावर शिट्ट्याच शिट्ट्या! मेव्हणा पुढे झाला, बापाच्या पाया पडला आणि म्हणाला, "जिकलात आप्पा. ऱ्हाऊ द्या ट्रॅक्टर." मामांना इतकं खूश मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

तिथंच थांबायचं होतं हो! अजून आठवलं की जीव हळहळतो. मामा खाली उतरले, पाना मागितला आणि म्हणाले, "आजून अर्धा आटा बाकी हाय. धाव्वा घोडा आतच हाय." मेव्हणा म्हणाला, "आप्पा, झालं की आता." मी म्हणालो, "मामा, कशाला उगीच?" पण ऐकतो कोण! स्क्रू फिरला, नांगर पुन्हा मातीत उतरला, मामांनी रेस दिली. इंजिन असं काही गरजलं की बांधावरचे सगळे गप्प झाले. मग आतून ठकठक ऐकू आली आणि एक मोठा दणका. इंजिनातला रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला होता. ऑइल ताज्या ढेकळांत मुरत गेलं. मेव्हणा खाली वाकून नांगर सोडवायला लागला. बापाला काही बोलला असता तर बरं झालं असतं.

मिस्त्रीने बघितलं आणि मान हलवली. नवा ट्रॅक्टर आला. जुना त्याच्याच मागे दोराने बांधून मानवतला, एक्स्चेंजच्या दुकानात न्यायचा ठरला. ओढून नेताना मागच्याचं स्टिअरिंग धरायला कुणीतरी लागतंच. मामा म्हणाले, "मी बसतो." मी शेजारी मडगार्डवर बसलो. पुढे मेव्हणा नवा ट्रॅक्टर चालवत होता. त्याला ना धूर, ना आवाज. मामा वाटभर त्याच्याकडेच बघत होते. "बघा जावईबापू," ते म्हणाले, "आपल्याला वढायला त्याला जोरबी लावावा लागंना." बऱ्याच वेळाने पुन्हा म्हणाले, "त्या दिशी मी हात लावला नसता, तर आज घरी ऱ्हायला असता ह्यो." मला फार वाईट वाटलं.

मानवतला दुकानाच्या आवारात दोर सोडला. मी उतरलो, मामा बसून राहिले. सवयीने त्यांचा हात खाली गेला आणि त्यांनी इंजिन बंद करायचा खटका ओढला. इंजिन चालूच नव्हतं हे ओढल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, पण खटका काही सोडला नाही. मेव्हणा जवळ येऊन हळूच म्हणाला, "आप्पा, उतरा आता."

"थांब की जरा," मामा म्हणाले, "थंड होऊ दे त्याला."

मेव्हण्याने माझ्याकडे बघितलं. मग तो चढून एका मडगार्डवर बसला, मी दुसऱ्यावर बसलो, आणि आम्ही तिघंही तिथं बराच वेळ बसून राहिलो.