रफू केलेले मोजे

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमचे भाऊजी लग्नापासून ऐकवत आले. तरी सांगते. ताईला आजाराने नेलं, पण तिचं शेवटचं वर्ष भाऊजींनी नासवलं. आणि त्यांच्याइतकं प्रेम बायकोवर केलेला माणूस मी पाहिलेला नाही.

भाऊजी अणुकचऱ्याच्या कारखान्यात होते. जमिनीखालच्या टाक्यांत वर्षानुवर्षं साठवलेलं किरणोत्सारी पाणी, त्यातलं सीझियम वेगळं काढायचं हे त्यांचं काम. उंच नळकांड्यात रेझिनचे बारीक मणी भरलेले असत. वरून पाणी सोडलं की सीझियम मण्यांना चिकटून राही आणि खालून बरंच निवळलेलं पाणी बाहेर पडे. मग आम्लाने मणी धुऊन ते सीझियम काढायचं आणि काचेत कोंडून टाकायचं. "फार चिवट," भाऊजी सांगत. "निम्मं व्हायलाच तीस वर्षं लागतात. माणसाने कमी वेळ थांबावं, लांब थांबावं, मध्ये भिंत ठेवावी." नव्या पोरांना हेच शिकवून शिकवून त्यांना तिथे सगळे 'मास्तर' म्हणत.

मास्तरांनी एकदाच चूक केली. एका झडपेतून थेंब गळाला, बुटावरच्या आवरणावर पडला. त्यांनी आवरण बदललं. बाहेर पडताना हात-पाय तपासणाऱ्या यंत्रावर उभं राहायचा नियम होता, पण रांग मोठी होती आणि त्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला यायची होते. ते बाजूने निघून आले. दिवसभर दुसऱ्यांची मोजमापं घ्यायची आणि स्वतःच्या पायांचं राहून गेलं!

घरी आले, मोजे काढले. अंगठ्याशी भोक. ताईने माझ्याशी गप्पा मारता मारता तिथल्या तिथे रफू केलं आणि दोरा दातांनी तोडला. सकाळी भाऊजींना थेंब आठवला; तो आत मोज्यापर्यंत झिरपला असला तर, ही धास्ती बसली. त्यांनी ते मोजे तसेच, न धुता, पिशवीत बांधून मागच्या शेडमध्ये पत्र्याच्या डब्यात दडवले. कारखान्यात अवाक्षर काढलं नाही. मास्तरच रांग चुकवून गेला, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

सहा वर्षांनी ताईला रक्ताचा कर्करोग झाला.

तेव्हापासून हा माणूस तिच्याजवळ फिरकेना. औषधं वेळेवर, फळं कापून, चादरी रोज बदललेल्या. पण सगळं माझ्या हातून. स्वतः दाराशी खुर्ची टाकून बसायचे. ताईचे केस गेले तेव्हा तिने आरसा खाली ठेवला आणि मला विचारलं, "मी त्याला नकोशी झालेय का गं?"

माझं डोकंच फिरलं. भाऊजींना स्वयंपाकघरात गाठलं. "बायको मरायला टेकलीय आणि तुम्ही पाहुण्यासारखे बसता? लाज कशी वाटत नाही?"

ते ओट्याला धरून रडले. मोज्यांचं सगळं सांगितलं. "मीच घातलंय तिच्या तोंडात. आता माझ्या अंगात आणखी काय असेल कुणास ठाऊक. तिला अजून किती देऊ?"

"आणि तपासलं नाहीत?"

"तपासलं आणि निघालं तर?"

या माणसाला शहाणा म्हणत होते सगळे! दुसऱ्या दिवशी डबा माझ्या मांडीवर घेऊन मी त्यांना कारखान्यात नेलं. मोजमाप घेणारा म्हातारा त्यांचाच जुना सोबती. त्याने मोजे यंत्राखाली धरले, उलटे केले, रफू केलेली जागा दोनदा तपासली. मग भाऊजींनाही तपासलं.

"काही नाही, मास्तर. असतं तर सात वर्षांत कुठे जाणार होतं? हे तुम्हीच शिकवलंत ना पोरांना? तेव्हाच आला असतात तर पाच मिनिटांचं काम होतं."

तिथून आम्ही तडक दवाखान्यात गेलो; ताईला आदल्या रात्रीच तिथे ठेवलं होतं. ताईला सकाळपासून ताप चढला होता, डोळे उघडत नव्हते. भाऊजी पलंगावरच बसले आणि त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेऊन गालाला लावला. वर्षभरात पहिल्यांदा. मला हुंदका आवरेना.

ताईचे ओठ हलले. "आई?"

आमची आई जाऊन बारा वर्षं झाली होती.

"मी आहे गं," भाऊजी म्हणाले. "मी आलोय."

"आई, त्याला जवळ ये म्हणून सांगू नकोस हं," ताई म्हणाली. "त्याला माझी किळस येते. बिचारा बोलून दाखवत नाही."

"नाही गं, कधीच नाही!" भाऊजी तिच्या कानाशी ओरडले. "अगं, मीच आहे!"

ताईने त्यांच्या हातावर हलकेच थोपटलं. "असू दे आई," ती म्हणाली, "तू उगाच माझी समजूत घालू नकोस."