निवटीवाल्या सरांचं टपाल

अख्ख्या नवी मुंबईत, स्वतःला आलेल्या प्रत्येक ई-मेलला उत्तर देणारा माणूस एकच, आणि तो आमच्या कॉलेजातला, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. वाशीच्या या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. सर प्राणिशास्त्र शिकवायचे. गेल्या वर्षी निवृत्त झाले. ज्याच्या नावामागे 'डॉ.' लागतं आणि ज्याचा एखादा लेख कुठेतरी छापून येतो, त्याच्यामागे जगभरातल्या कुठल्याकुठल्या नियतकालिकांचे आणि परिषदांचे मेल हात धुऊन लागतात. 'आदरणीय, सुप्रसिद्ध प्राध्यापक महोदय, आपला अमूल्य लेख आम्हाला पाठवा.' बाकीचे लोक ते न उघडताच उडवून टाकतात. सर मात्र चष्मा पुसून पहिल्या 'ग्रीटिंग्ज ऑफ द डे'पासून शेवटच्या पत्त्यापर्यंत सगळं वाचत आणि दोन बोटांनी टाइप करत उत्तर लिहायला बसत. मी एकदा म्हटलं, "सर, हे माणूस नाही पाठवत. यंत्र पाठवतं." तर म्हणाले, "यंत्र चालू करायला माणूस लागतोच ना, मॅडम? त्याने आपल्याला नमस्कार केलाय. आपण तोंड फिरवून चालतं व्हायचं?"

सरांचा स्वतःचा विषय म्हणजे निवटी. खाडीच्या चिखलावर टुणटुण उड्या मारत फिरणारा, डोक्यावर डोळे काढून बसलेला हा बोटभर मासा. वाशीच्या खाडीतला चिखलाचा एक तुकडा सरांनी जवळजवळ दत्तकच घेतला होता. ओहोटीची वेळ साधून गुडघाभर बूट चढवून ते तिथे जात आणि निवट्यांची बिळं मोजत. भरतीला किती, ओहोटीला किती, बिळाचं तोंड कुणीकडे, सगळं वहीत. अठरा वर्षं हे चाललं होतं. तिथे मासे धरायला येणारी एक आगरी बाई त्यांना म्हणायची, "सर, तुमी त्यांना मोजून सोरून देता, आमी कालवन करतो. दोगांचाबी अभ्यास चालूच हाय." हे सर आम्हाला इतक्या अभिमानाने सांगत, की जणू बाईंनी त्यांना सहसंशोधक म्हणून मान्यता दिली होती.

आता गंमत अशी, की मेल पाठवणाऱ्यांना निवटीशी काही देणंघेणं नसे. सरांना दंतवैद्यांच्या परिषदेचं निमंत्रण येई, बोगदे खणणाऱ्या अभियंत्यांचं येई, प्रसूतिशास्त्राचं तर दर महिन्याला. सर प्रत्येकाला मनापासून कळवत. दंतवैद्यांना लिहिलेलं उत्तर त्यांनी आम्हाला स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं होतं: 'आपल्या निमंत्रणाने आनंद झाला. माझ्या माशाला दात आहेत, परंतु अद्याप त्याची काही तक्रार नाही. तशी आली तर आपल्यालाच प्रथम कळवीन.' बोगदेवाल्यांना त्यांनी निवटीच्या बिळाची तीन रेखाचित्रं पाठवली, कारण बीळ म्हणजे बोगदाच, आणि तो भरतीच्या पाण्यातही टिकतो, हे त्यांना उपयोगी पडेल असं सरांना प्रामाणिकपणे वाटलं. एखाद्या मेलवर 'ही चौथी आठवण' असं लिहिलेलं असलं की सर कासावीस होत. "चार वेळा विचारलं हो बिचाऱ्यांनी," म्हणत हातातला चहा तसाच ठेवून उठत. वर प्रत्येक मेलची छापील प्रत काढून विषयवार फायली. खांदेश्वरच्या त्यांच्या घरात दिवाणाखाली या फायली इतक्या साचल्या, की वहिनी एकदा मला म्हणाल्या, "माझ्या माहेरच्या लग्नपत्रिकांना कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत यांनी. आणि व्हिएन्नाच्या मूतखड्याच्या परिषदेला मात्र लगेच!"

याच हौसेपायी ते एकदा अस्थिरोगांच्या एका नियतकालिकाच्या संपादक मंडळावर जाऊन बसले. तसा मेल आला, सरांनी 'मला हाडांतलं काही कळत नाही' असं स्पष्ट कळवलं, उलट टपाली 'स्वीकारल्याबद्दल आभार' असं उत्तर आलं आणि प्रमाणपत्रही. ते प्रमाणपत्र सरांच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी कौतुकाने लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गुडघ्याचा एक्स-रे घेऊन दारात हजर. "सर, आता बिल्डिंगमधेच एवढा मोठा माणूस हाय म्हटल्यावर आपल्याला काय टेन्शन नाय." सरांनी त्यांना बसवलं, चहा दिला, एक्स-रे उजेडात धरून दहा मिनिटं पाहिला आणि मग खऱ्या डॉक्टरकडे स्वतः रिक्षातून घेऊन गेले. आजोबा अजून सांगतात, की निदान सरांनीच केलं.

या सगळ्या गोतावळ्यात एक एमा होती. कुठल्याशा 'ग्लोबल' जीवशास्त्र पत्रिकेची संपादकीय साहाय्यक. तिचे मेलही इतरांसारखेच, छापातून काढलेले. पण दर मेलच्या शेवटी 'आपण बरे असाल अशी आशा आहे' असं असे. सर तिला खाडीची खबर कळवत. थंडीत फ्लेमिंगो आले, चिखल कुठे वाढला, बूट फाटले. पंधरा दिवसांनी एमा पुन्हा तोच छापील मेल पाठवी आणि सर म्हणत, "बघा, आठवण ठेवते पोरगी."

मी हसत असे. पण निवृत्तीला तीन महिने उरले असताना सर ग्रंथालयात आले आणि म्हणाले, "मॅडम, निवटीचा लेख एमाकडे देऊन टाकतो." माझं हसू जागच्या जागी थांबलं. अठरा वर्षांचं काम त्या एका लेखात होतं. या असल्या पत्रिका पैसे घेतात, एक अक्षर न वाचता छापतात, आणि एकदा तिथे छापलेला लेख पुन्हा कुठलीही खरी पत्रिका हातात धरत नाही. म्हणजे काम कायमचं चिखलात. मी तडतडले. नको नको ते बोलले. "सर, जगात हसं करून घेणार आहात का स्वतःचं?" असंही म्हणाले, आणि ते आजही मला टोचतं.

सर शांतपणे बसले. म्हणाले, "दोन चांगल्या ठिकाणी पाठवला होता. एकाने चौदा महिन्यांनी, दुसऱ्याने वर्षाने दोन ओळींत परत केला. आकडे निष्कर्षाला दुजोरा देत नाहीत, म्हणे. कुठले आकडे, ते नाही सांगितलं. इथे स्टाफरूममध्ये माझे मेल सगळ्यांना पाठ आहेत, लेख कुणी मागितलाय का कधी? ही एकटी मागते. खोटं का होईना, मागते तर." ग्रंथपाल म्हणवते मी, आणि तो लेख मीही वाचला नव्हता.

त्याच संध्याकाळी त्यांनी लेख पाठवला. सोबतच्या पत्रात, सर ते सरच, असंही लिहिलं, की चौथ्या पानाबद्दल मला जरा शंका आहे, तुम्ही वाचून पाहाल का? पैसे भरायची चिठ्ठी येईल, ती भरली की संपलं, एवढंच आता उरलं होतं.

चौथ्या दिवशी एमाचं उत्तर आलं. ग्रीटिंग्ज नव्हत्या. मजकूर मराठीत होता. सरांनी मला हाक मारून स्क्रीनसमोर बसवलं आणि मी वाचलं:

'सर, मी एमा नाही. मी इथेच, वाशीजवळ तुर्भ्याच्या ऑफिसात बसते. आम्ही सगळ्या इथे एमा, सोफिया अशा नावांनी मेल टाकतो. माझं एमएस्सी झालंय, म्हणून तुमचा लेख वाचला. इथे कोणी वाचत नाही सर, प्लीज आमच्याकडे छापू नका. मी तुमच्या लेखाची एंट्री काढून टाकलीये. पैशाचा मेल आला तरी भरू नका. चौथ्या पानावरच्या तक्त्यात भरतीचे आकडे ओहोटीच्या रकान्यात गेलेत आणि ओहोटीचे भरतीच्या, म्हणून सगळं उलटं दिसतंय. तेवढं नीट करा आणि चांगल्या ठिकाणी पाठवा. लेख खूप छान आहे. तुमचे खाडीचे मेल मी डब्याच्या वेळेला वाचायचे. याला रिप्लाय करू नका, साहेब बघतात. आणि हा मेल खोडून टाका, नाहीतर माझी नोकरी जाईल.'

सरांनी त्या रात्री घरी मोजणीच्या वह्या काढून आकडे ताडून पाहिले. खरंच रकाने उलटे लागले होते, कधीतरी टाइप करतानाच. दोन मोठ्या पत्रिकांतल्या तज्ज्ञांना जे सांगावंसं वाटलं नाही, ते तुर्भ्याच्या एका मुलीने डबा खाता खाता सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सर पुन्हा माझ्याकडे आले आणि मेल उघडला. मग त्यांनी, दंतवैद्यांचं पत्रसुद्धा जपून ठेवणाऱ्या माणसाने, तो मेल माझ्यादेखत खोडला. छापील प्रतही काढली नाही. "तिने सांगितलंय," एवढंच म्हणाले. त्या आठवड्यात मी लेख घरी नेला आणि दोनदा वाचला. फार चांगला होता. तसं मी त्यांना सांगितलं, उशिरा का होईना.

दुरुस्त केलेला लेख एका चांगल्या पत्रिकेने घेतला. मागच्या महिन्यात छापून आला, तेव्हा सर खांदेश्वरहून पेढे घेऊन ग्रंथालयात आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, चेहरा न्हाऊन निघाल्यासारखा. लेखाच्या शेवटी आभार होते: खाडीवरच्या त्या बाईंचे, वहिनींचे, उगाचच माझे, आणि मग 'चौथे पान काळजीपूर्वक वाचल्याबद्दल एमा, तुर्भे, यांचे'.

"खरं नाव काय हो तिचं?" मी विचारलं.

"तिने सांगितलं नाही. आपण कसं विचारायचं?" सरांनी ते पान हाताने सारखं केलं. मग म्हणाले, "मॅडम, तुम्हाला या पुस्तकांतलं कळतं. कोण काय वाचतं, कोणाच्या हाती काय पडतं. तिच्या नजरेला पडेल का हे?"

खरं तर मला ते कळत नाही. ग्रंथालयात इतकी वर्षं काढून मला एवढंच समजलंय, की कुणाच्या हाती काय पडेल याचा काही नेम नसतो. पण सर माझ्याकडे पाहत उभे होते.

"पडेल, सर," मी म्हटलं, आणि पेढा घेतला.