यमाईच्या दारी मोकळा राहिलेला हात

उपचार संपले तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. मी दोनदा गेले आणि सोडून दिलं. खरं सांगायचं तर तपासणीत पुन्हा काही निघेल याची भीती वाटायची. घरात मात्र मी वेगळंच सांगायचे. छातीच्या कॅन्सरमधून कवठ्याच्या यमाईनं मला उठवलं, आता पुन्हा दवाखान्यात जाणं म्हणजे आईवर अविश्वास. यावर खुटबावच्या आमच्या घरात कोण काय बोलणार? माझ्या भित्रेपणाला मी भक्तीचं लुगडं नेसवलं होतं.

वर्ष उलटलं. ऑपरेशनच्या बाजूचा डावा हात जड वाटू लागला, पोलक्याची बाही काचू लागली. "अंगावर मांस चढाया लागलंय," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. मीही मान डोलावली. आतून मात्र पार हादरले होते.

बरी झाले तर आईच्या दारी हिरवा चुडा भरीन, असा माझा नवस होता. तो फेडायला आम्ही दोघी सासू-सुना शिरूरमार्गे कवठ्याला गेलो. देवळाबाहेर एक कासारीण बसली होती, पन्नाशीची, तोंडानं फटकळ. उजव्या हातात तिनं पटापट बांगड्या चढवल्या. डावा पंजा दाबला आणि ती थांबली. मनगटावर बोट रुतवलं तर पडलेला खड्डा भरेना. मग माझ्या आजाराबद्दल तिनं दोन प्रश्न विचारले आणि बांगड्या खाली ठेवल्या.

"ह्या हातात मी भरायची न्हाई."

सासूबाई भडकल्या. सवाष्णीचा एक हात मोकळा, तोही आईच्या दारात!

"मामी, मला काय बोलायचं ते बोला. माझ्या थोरल्या भैनीचा हात असाच सुजला व्हता. आमी नुसतं बांगडीचं माप वाढवत बसलो. हिला आधी डाक्टरकडं न्या."

मला संताप आला आणि रडूही आलं. अर्धा चुडा घेऊन देवीला हात जोडले. तिसऱ्या दिवशी पुण्याला गेले.

तपासण्या झाल्या, रिपोर्ट आला. आजार उलटला नव्हता. काखेतल्या गाठी काढल्यामुळं हातात पाणी साचत होतं. डॉक्टर चांगलेच रागावले, मग त्यांनी मालिश आणि पट्टी बांधायला शिकवलं. त्या हातात घट्ट काही घालायचं नाही, खुरपताना जखम होऊ द्यायची नाही, आणि तपासणी कधीच चुकवायची नाही.

पुढच्या यात्रेत मी त्या कासारणीच्या पाया पडले. तिला काही आठवेना. "दिसाला किती हात धरते मी, कुठला ध्यानात ऱ्हाणार?" म्हणाली. मला मात्र तिच्या हातानं माझा हात कुणी धरला होता ते कळलं होतं.

आता डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं दर सहा महिन्यांनी पुण्याला जाते. भीती अजून वाटते. पूर्वी देव्हाऱ्यापुढं म्हणायचे, आई, काही निघू देऊ नकोस. आता म्हणते, जे असेल ते वेळेवर दिसू दे. एवढं म्हणते आणि एसटी गाठते.