गुणाजीबुवांची बियरची रोटी

आमच्या पारनाक्याच्या चाळीत गुणाजीबुवा घाग कुठेही बसलेले सापडत. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, नळाच्या कट्ट्यावर; एकदा तर भलत्याच बारशाच्या पंगतीत, केवळ पाट मोकळा होता म्हणून. कल्याणच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे इंजिनाचे ड्रायव्हर आणि गार्ड गाडीवरून उतरून जिथे जेवतात-झोपतात तिथे, त्यांनी एकतीस वर्षं भट्टीपुढे उभं राहून काढली होती. उभं राहण्याचा जन्माचा कोटा तिथेच संपला.

बुवा माळकरी. पण एका गोऱ्या ड्रायव्हरच्या मडमेनं त्यांना बियरची रोटी शिकवली होती. पिठात बियर ओतायची, तिच्या फेसावर पीठ फुगतं, आणि भाजलं की वरचं कवच कडकडीत, आत कापूस. बुवांनी आयुष्यभर बियर मळली, ओठाला लावली नाही. तरी भजनाला आले की शेजारचे टाळकरी हातभर सरकून बसत.

रोटीचे दोन टोकांचे कडक तुकडे घरी येत, ते गंगुबाईंचे. त्या माळकरी नव्हत्या. "भट्टीत गेलं की सगळं शुद्ध," असं म्हणून चहात बुडवून खात.

मग दारूबंदी आली, बियर गेली आणि पाठोपाठ बुवाही रिटायर झाले.

बावन्न साली माघात गंगुबाईंना विषमज्वर झाला. ताप उतरला, पण जिभेची चव घेऊन गेला. पेज, वरण, मेतकूट-भात, काहीही द्या, "माती लागते" म्हणून त्या तोंड फिरवायच्या. डॉक्टर म्हणाले, "औषधाचं काम संपलं. आता खाल्लं तर उठतील. नाहीतर..." आणि त्यांनी बॅग उचलली. बुवा तीन आठवडे चमचा हातात धरून उशाशी बसले होते. बसण्यानंसुद्धा माणूस दमतो, हे त्यांच्याकडे पाहून कळत होतं.

एका संध्याकाळी गंगुबाई पुटपुटल्या, "तुमच्या त्या रोटीचा तुकडा असता, तर बघितला असता खाऊन."

बुवांनी आधी दह्यावर करून पाहिली. ती इतकी घट्ट झाली की शेजारच्या सरोजवहिनींनी वाऱ्यानं आपटणाऱ्या दाराला ती लावून ठेवली. बियरला परमिट हवं. मग त्यांना नीरा आठवली.

नीरा म्हणजे ताडाचा गोड रस. सरकारी केंद्रावर सकाळी राजरोस मिळतो. मात्र तो उन्हात दोन-तीन तास राहिला की आपला आपण आंबतो आणि त्याची बियरसारखीच फेसाळ ताडी होते. सकाळी जे आरोग्यदायी, तेच दुपारी बेकायदा. बुवांचा बेत साधा होता: नीरा आणायची, कोपऱ्यात ठेवायची आणि मळायची वेळ होईपर्यंत तिच्याकडे बघायचंच नाही.

ते सकाळीच स्टेशनावर गेले. रनिंग रूममधल्या जुन्या सोबत्याकडून डबाभर मैदा घेतला, केंद्रावरून नीरा घेतली आणि घराकडे निघाले. निघाले म्हणजे बसत बसत. मारुतीच्या पारावर बसले, मग रंगाऱ्याच्या ओट्यावर, मग एका बंद दुकानाच्या फळीवर. चौथ्यांदा जिथे बसले ती पोलीसचौकीची पायरी होती. आणि तिथेच बाटलीचं बूच फाट्दिशी उडालं.

बाटली घरात होती ती घेतलेली. बियरची.

मी कामावर निघालेलो. चौकीतून हाक आली, "ओ चष्मेवाले! पंच पायजे. या आत."

आत टेबलावर बाटली फसफसत होती. हवालदार पोपटराव साताऱ्याकडचे, मिशीवाले, रात्रपाळी करून डोळे लाल झालेले.

"काय हाय रं म्हाताऱ्या ह्यात?"

"नीरा."

"बाटली बियरची दिसतीय."

"बाटली बियरचीच. आत नीरा हाय."

"कवा घेतली?"

"साडेसातला."

"आता साडेनऊ झाले. ठेसनापास्नं हितवर दोन तास? मुंगी आली असती की!"

"मुंगीला गुडघे नसतात, सायेब."

पोपटरावांनी मला बाटली हुंगायला लावली. मला सर्दी. त्यांनी स्वतः हुंगली आणि मान हलवली. "फौजदारसाहेब भिवंडीला गेल्यात. येईस्तवर बसायचं."

बसा म्हटल्यावर बुवांच्या चेहऱ्यावर क्षणभर सुख दिसलं. मग ते बाटलीकडे एकटक बघू लागले. दहा वाजले, अकरा वाजले. ऊन टेबलावर आलं. फेस बाटलीच्या गळ्यापर्यंत चढला. बुवांची चुळबुळ वाढत गेली.

"सायेब, आता झाली. आता मळली नाय तर आंबून फुकट जाईल."

"म्हंजी ताडी झाली, कबूल?"

"आता झाली. आणली तेव्हा नव्हती," बुवा दमलेल्या आवाजात म्हणाले. "तुमच्या टेबलावर झाली."

पोपटरावांनी टेबलाकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे, कारण मी पंच होतो आणि पाहत होतो.

"घरी कारभारीण पडून हाय," बुवा म्हणाले. "तीन आठवडे पोटात काय नाय. ह्या ताडीवर रोटी करीन, तर कदाचित खाईल. मग मला न्या कुठं न्यायचं ते. बसायला जागा असली म्हंजे झालं."

पोपटरावांनी बाटली बुवांकडे सरकवली. "मळ बाबा," ते अखेर म्हणाले. "मळ आन् नीघ हितनं."

बुवांनी हात धुतले आणि मैद्याच्या डब्यातच बाटली ओतली. एरवी पाट दिसला की बसणारा माणूस अर्धा तास उभ्यानं मळत होता. शेवटी पोपटरावांनी कागदावर "कणीक, डबा एक" एवढंच लिहिलं आणि तेही फाडून टाकलं.

घरी चारपर्यंत पीठ डब्याबाहेर डोकावू लागलं. बुवांनी शेगडीवर पातेलं ठेवलं, झाकणावर निखारे रचले. दिवेलागणीला रोटी निघाली. एका बाजूला काळी, पण टिचकी मारली की वाजत होती. टोकाचा तुकडा त्यांनी चहात बुडवून गंगुबाईंच्या तोंडाशी नेला.

त्या चावत राहिल्या. आम्ही दारात उभे होतो.

"मीठ घातलंत का?" गंगुबाई म्हणाल्या.

बुवांनी कपाळाला हात लावला. चौकीत मीठ कुठलं असायला!

"अगदीच अळणी. बियरची बरी व्हायची. मीठ आणा जरा."

बुवा एव्हाना भिंतीला टेकून बसले होते. डोळे मिटूनच म्हणाले, "गंगे, आता माझ्यानं उठवत नाय. फडताळात हाय, घे तूच."

सरोजवहिनी पुढे व्हायला लागल्या, तर गंगुबाईंनी हातानंच थांबवलं. एक हात भिंतीला, एक खाटेला, अशा त्या उभ्या राहिल्या आणि पुटपुटत फडताळाकडे निघाल्या, "एकतीस वरसं रोटी केली म्हणे! आणि मीठ विसरतात."

मिठाची बरणी घेऊन त्या परत आल्या, तेव्हा बुवा घोरत होते.