पाटीवर कुणाचं आडनाव

ईस्ट टामाकीतल्या ज्या शेडमध्ये मी आज मालक म्हणून बसतो, तिथे २०१२ साली नोकर म्हणून शिरलो तेव्हा दारावर एका इंग्रज आडनावाची लांबलचक पाटी होती. ते आडनाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर ऑकलंडमधले अर्धे मराठी लोक म्हाताऱ्या मालकाला ओळखतील. माझंही लिहीत नाही, त्याच कारणासाठी. एवढं सांगतो की त्याच्या आडनावात अक्षरं इतकी होती की रंगाऱ्याला शेवटची बारीक करून कोपऱ्यात कोंबावी लागली होती, आणि तोंडाने म्हणायला मात्र ते जेमतेम दोन अक्षरांचं होतं.

धंदा जुन्या यंत्रांचा. बेकरी किंवा रेस्टॉरंट बंद पडलं की तिथले ओव्हन, कणीक मळायची यंत्रं, फ्रीजर उचलायचे, दुरुस्त करायचे, नव्या गिऱ्हाइकाला विकायचे. सांगलीत मी जुनी इंजिनं आणि पंप याच पद्धतीने घ्यायचो आणि विकायचो, त्यामुळे काम नवीन नव्हतं. बायको फार्मसिस्ट, तिच्या नोकरीवर आम्ही इथे आलो आणि बॉटनी डाउन्सला भाड्याने राहिलो. मी वर्षभर गोदामांतून खोकी उचलली आणि मग ही शेड सापडली.

पहिल्या दिवशी मी पाटी वाचून म्हाताऱ्याला त्याच्या आडनावाने नमस्कार केला. सगळी अक्षरं म्हटली, एकही सोडलं नाही.

“नाही नाही, मेट,” तो हसत म्हणाला, “असं नाही म्हणायचं.” आणि त्याने खरा उच्चार सांगितला. माझ्याकडून म्हणवून घेतला. पुन्हा म्हणवून घेतला. बरोबर आला तेव्हाच खांदा थोपटला. “तुझं काय?”

मी नाव आणि आडनाव सांगितलं.

“ओह, हे काही जमणार नाही. आपण तुला ‘के’ म्हणू या. स्वीट ॲज?” म्हणजे, चालेल ना?

मला त्या नोकरीची गरज होती. मी मान हलवली. घरी आल्यावर भांडी आपटली.

“अहो, एवढं काय त्यात?” बायको म्हणाली. “माझंही क्लिनिकमध्ये अर्धंच नाव म्हणतात.”

“तुझं पहिलं नाव कापलं. माझं आडनाव कापलं. आडनाव माझ्या एकट्याचं आहे का?”

“नाही. माझंही आहे. आणि मला काही झालेलं नाही.”

तिला काही होत नाही, हा तिचा गुण आहे. माझ्यात तो नाही.

मी बॉटनीच्या लायब्ररीत जाऊन इंग्रज आडनावांची पुस्तकं काढली. रागाने अभ्यास फार चांगला होतो. दिसतं ‘चोल्मोंडेली’, म्हणायचं ‘चमली’. दिसतं ‘फेदरस्टोनहॉ’, म्हणायचं ‘फॅन्शॉ’. ‘मेनवेअरिंग’चं ‘मॅनरिंग’. सेंट जॉन असं संताचं नाव कागदावर, तोंडात ‘सिंजन’. ‘बीचम’ हे लिहायचं फ्रेंचांसारखं ‘बोशां’ आणि बोलायचं गावठी. पिढ्यान् पिढ्या बोलणाऱ्या लोकांनी नाव झिजवत नेलं, लिहिणाऱ्यांनी जुनंच ठेवलं, आणि दोघांच्या मधे जो खड्डा पडला त्यात आमच्यासारखी बाहेरची माणसं पडतात. उच्चार ज्याला माहीत तो घरचा, नाही तो परका.

पण त्या आडनावांच्या पोटात काय होतं? चमली म्हणजे कुणा जुन्या माणसाने झाडं तोडून मोकळं केलेलं रान. बीचम म्हणजे चांगलं शेत. मॅनरिंग म्हणजे कुणा वॉरिनची जहागीर. फेदरस्टोनहॉच्या शेवटी जो ‘हॉ’ आहे तो म्हणजे नदीकाठची सपाट जमीन. आमच्या कृष्णाकाठी तिला मळी म्हणतात आणि तिथे वांगी चांगली येतात. म्हणजे ही सगळी रानकर, शेतकर, मळीकर मंडळी! आम्ही गावापुढे ‘कर’ लावला, यांनी नुसतंच गाव लावलं. म्हाताऱ्याचं आडनावही इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका खेड्याचं निघालं. त्या खेड्यात तो कधी गेला नव्हता. मीही माझ्या आडनावाच्या गावी कुलदैवताला नारळ फोडण्यापुरताच गेलो आहे. मग अवघड फक्त माझंच कसं?

हळूहळू एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. म्हातारा आडनावावर धंदा करत होता. शटरमधून गिऱ्हाईक आत आलं की पाटीवरचं नाव चुकीचं म्हणायचंच. म्हातारा हसून दुरुस्त करायचा, खेड्याची गोष्ट सांगायचा. गिऱ्हाईक ओशाळायचं, सॉरी म्हणायचं. आणि त्या ओशाळलेल्या घडीला म्हातारा ओव्हनची किंमत सांगायचा. नुकतंच ज्याचं नाव आपण बिघडवलं त्याच्याशी घासाघीस करायला कुणाची जीभ उचलत नाही. असा भाव करणारा मी सांगलीच्या बाजारातही पाहिला नव्हता. मनातल्या मनात त्याला सलाम केला, आणि राग दुप्पट झाला. याचं आडनाव गल्ल्यावर बसून कमावत होतं, आणि माझं शेडच्या बाहेर उभं होतं.

वर्षं गेली. दुरुस्ती मी बघायचो, खरेदी मी करायचो, रिकार्टनपासून पार दक्षिण टोकाच्या इन्व्हरकारगिलपर्यंत फोन मी घ्यायचो. “‘के’ला द्या,” असं लोक म्हणायचे. २०१७ साली म्हाताऱ्याचे गुडघे गेले आणि त्याने शेड विकायला काढली. मला पहिल्यांदा विचारलं. चहा केला, आल्याची बिस्किटं मांडली. किमतीवर आमचं फार लवकर जुळलं, कारण शेडची खरी किंमत त्याच्याइतकीच मलाही ठाऊक होती.

“एकच अट,” तो म्हणाला. “पाटी तशीच राहील.”

“माझ्याही दोन आहेत,” मी म्हणालो. “पाटीवर माझं आडनाव लागेल. आणि विकणाऱ्याने घेणाऱ्याला जुन्या गिऱ्हाइकांकडे नेऊन ओळख करून द्यायची, ही तुमच्याकडची रीत आहे ना? तर ती ओळख तुम्ही माझ्या पूर्ण आडनावाने करून द्यायची.”

“के, लोकांना ते म्हणता येणार नाही.”

“तुमचं येतं.”

“माझं त्यांच्या ओळखीचं आहे.”

“तुम्ही ओळखीचं करून दिलंत म्हणून.”

“हे बघ, हा नुसता धंदा आहे.”

“नुसता धंदा असता तर तुम्ही पाटीची अट घातली नसती!” माझा आवाज चढला होता. मी खुर्ची मागे ढकलली आणि उठलो.

आता इथे आमच्या बाजाराची रीत सांगितली पाहिजे. घेणारा उठून गेला म्हणजे सौदा मोडला, असं आमच्याकडे कुणी धरत नाही. उठणं हा सौद्याचाच भाग. आपण रमतगमत चालायचं, मागून विकणारा हाक मारतो, “अहो, या हो मागं, शेवटचं बोला.” पहिल्या हाकेला वळायचं नसतं. मी तसाच रमतगमत शेडबाहेर आलो. हाक नाही. आवारात माझी व्हॅन होती, तिच्यात जाऊन बसलो. काच खाली ठेवली, हाक ऐकू यावी म्हणून. बराच वेळ तसाच बसलो.

शेवटी म्हातारा लंगडत बाहेर आला. मी समोर बघत राहिलो. तो खिडकीशी आला. त्याच्या हातात बॅटरीला जोडायच्या तारा होत्या.

“बॅटरी बसली का रे?”

मी गाडी सुरू केली आणि निघून गेलो. इतका अपमान मला कुणी मुद्दाम शिवी दिली असती तरी वाटला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेलो तर तो शांतपणे म्हणाला, “तू नाही म्हणालास म्हणून मी हॅमिल्टनच्या एका पार्टीला फोन केला. गुरुवारी बघायला येतायत.”

“मी नाही कधी म्हणालो?”

“तू उठून गेलास.”

या देशात उठून गेलेला माणूस खरंच गेलेला असतो, हे इतक्या वर्षांत मला कळलं नव्हतं. यंत्रं घेताना मी कैक वेळा उठलो होतो. तिथे समोरचे अडलेले असायचे, त्यामुळे ते हाक मारायचे. म्हातारा अडलेला नव्हता.

रात्रीचं जेवण वाढताना बायको म्हणाली, “जा आणि सरळ सांगा, मला शेड हवी आहे. पाटी राहू दे त्याची. पाटीने ओव्हन तापत नाही.”

“न बोलावता परत गेलेल्या घेणाऱ्याला आमच्याकडे किंमत नसते.”

“मग तिकडे जा ना भाव करायला. इथे कशाला आलात?”

आमची मुलगी तेव्हा शाळेत होती. ती ताटात बघत इंग्रजीत म्हणाली की शाळेत सगळे तिचं आडनाव नीट म्हणतात, कारण तिने पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना शिकवलं. “हीप्स ऑफ टाइम्स,” पुन्हा पुन्हा शिकवलं, असं ती म्हणाली. “यू जस्ट मेक देम.” म्हणजे, म्हणायला लावायचंच.

बुधवारी मी म्हाताऱ्याच्या केबिनमध्ये गेलो. चहा नको म्हणालो. बसलोही नाही.

“शेड मला हवी आहे. ती मीच चालवतो, हे तुम्हाला माहीत आहे. हॅमिल्टनवाले आले तर मी पलीकडच्या गल्लीत दुसरी उघडेन आणि तिच्यावर माझ्या आडनावाची पाटी लावेन. गिऱ्हाइकं कुणाकडे येतील, तुम्ही सांगा.”

“ही धमकी आहे का?”

“भाव आहे.”

तो खिडकीतून पाटीकडे बघू लागला. आतून ती उलटीच दिसते, नुसता पत्रा आणि स्क्रू. मग म्हणाला, “मला मूल नाही, के. भाऊ होता, तोही गेला. हे आडनाव आता फक्त तिथे आहे.”

मला वाईट वाटलं. खोटं बोलत नाही, खरंच वाटलं. पण त्याच्या आडनावाला पाटी लाभली होती, त्याच्या वडिलांपासून. माझ्या वडिलांचं आडनाव सातासमुद्रापलीकडे आणून मी ते एका इंग्रजी अक्षरात गुंडाळून ठेवलं होतं, कारण मला पगार हवा होता.

“तुमची पाटी मी आत लावतो,” मी म्हणालो. “मागच्या भिंतीवर, सगळ्यांना दिसेल अशी. मी आहे तोवर कुणी काढणार नाही. बाहेर माझी. आणि ओळख पूर्ण आडनावाने.”

“मला ते म्हणता येत नाही.”

“शिका.”

त्याने हॅमिल्टनला फोन करून नको म्हणून सांगितलं. हात मिळवताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. काही आठवड्यांत कागदपत्रं झाली. त्याच शुक्रवारी संध्याकाळी तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “हळू म्हण.” मी माझं आडनाव हळू म्हटलं. त्याने फोनवर ते टेप करून घेतलं आणि घरी गेला.

सोमवारी आम्ही बॉटनीच्या मोठ्या बेकरीत गेलो, सर्वांत जुनं गिऱ्हाईक. मालकीणबाई पिठाचे हात पुसत पुढे आल्या. “अरे, के! आणि तुम्ही दोघं एकत्र?”

म्हाताऱ्याने घसा साफ केला. “शेड आता यांची आहे,” तो म्हणाला, आणि माझं नाव घेतलं. मग आडनाव घेतलं. सगळं. मधला ‘ळ’सुद्धा, जो पुण्यामुंबईत वाढलेल्या आमच्याच काही पोरांना इथे आल्यावर नकोसा होतो. एकही अक्षर सोडलं नाही, कुठे अडखळला नाही. बाईंनी ओशाळून ते पुन्हा विचारलं आणि त्याने पुन्हा तितकंच नीट सांगितलं. मग माझ्याकडे बघून हसला. मी त्याचे आभार मानावेत अशी त्याची अपेक्षा होती, हे मला दिसत होतं.

हे मी कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, चला, शेवट गोड झाला, आता राग गेला असेल. बायकोही हेच म्हणाली. मी तिला म्हणालो, अगं, शुक्रवार ते सोमवार. एवढंच काम होतं ते. म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून येत होतं, त्याने फक्त कधी करून पाहिलं नव्हतं.

मी आभार मानले नाहीत. बाईंना त्यांना हव्या असलेल्या ओव्हनचा भाव सांगितला.