पाहुण्यांचं येणं धरत नाहीत

समोरच्या खोल्यांना आमचे घरमालक रंग देऊन राहिले आहेत. डिस्टेंपरचा तो कच्चा, ओलसर, खडूच्या भुकटीसारखा वास सकाळपासून जिना चढून वर येतो आणि सरळ माझ्या चहात पडतो. अमरावतीतलं माझं हे कितवं भाड्याचं घर, हे मोजणं मी सोडून दिलं आहे. पण दर नव्या घरात शिरताना हाच वास असतो आणि दर घरमालकाचं पहिलं वाक्यही हेच असतं, "बाकी काई करा सर, पन भितीले खिळा ठोकाचा नाई." त्यामुळे माझं कॅलेंडर कपाटाच्या दाराला चिकटपट्टीनं लटकतं आणि महिन्यातून दोनदा आपणहून खाली येतं. नव्या रंगाच्या वासानं कोणाला दिवाळी आठवत असेल, कोणाला लग्नघर. मला एक घर आठवतं, ज्याच्या भिंतींना मी हौस फिटेपर्यंत खिळे ठोकले होते. निळ्या कौलांचं, तळ्याकाठचं, दारात जांभळ्या फुलांचं झाड असलेलं. ते घर एका ऑनलाइन खेळात होतं. हसा. बरेच दिवस मीही हे हसतच सांगत होतो.

माझी नोकरी अमरावतीत, बायकोची अकोल्यात. नकाशावर पाहिलं तर ही दोन गावं एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी दिसतात, पण रोज एसटीच्या खिडकीतून मूर्तिजापूर दोनदा पाहायचं म्हणजे काय असतं, ते आम्ही वर्षभर करून पाहिलं आणि मग हात टेकले. दोन गावांत दोन खोल्या घेतल्या. संध्याकाळी फोनवर "जेवले काय?" "हो." "काय केलं?" "खिचडी." एवढं झालं की दोघांचेही शब्द संपत. बायको अकोल्यात खिचडी खाते आणि नवरा अमरावतीत खिचडी खातो, याला संसार म्हणायचं की आजारपण, हे मला ठरवता येईना. अशात हापिसातल्या एकानं मला हा खेळ दाखवला. आपण कोणी योद्धा नाहीतर जादूगार व्हायचं आणि जगभरच्या अनोळखी माणसांसोबत एकाच दुनियेत हिंडायचं. मी हिलाही ओढलं. पहिल्याच राक्षसानं तिला तीनदा लोळवलं. "मले हे मारामारीचं जमत नाई," ती म्हणाली, "मेल्याच्या तोंडाचा वास येऊन राह्यला असं वाटते. यात घर बांधता येते म्हने?"

येत होतं. आणि मग आम्ही राक्षसांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

लोक विचारतात, खोटंच घर ते, त्यात एवढं काय? मी यावर बराच विचार केला आहे, कारण हापिसात मला दुसरं फार काम नसतं. त्या खेळातला राक्षस तुम्ही घाम गाळून मारता, आणि तुमची पाठ वळत नाही तोच दुसऱ्या कोणासाठी तो पुन्हा उठून उभा राहतो. राजा तुमचे आभार मानतो, पण तेच आभार तो सगळ्यांचे मानतो, त्याच शब्दांत, जसे आमचे साहेब निरोपसमारंभात मानतात. त्या अफाट दुनियेत तुमच्या असण्यानं काडीही हलत नाही. फक्त घर तेवढं वेगळं. तिथं तुम्ही खुर्ची खिडकीशी ठेवली, तर उद्या ती खिडकीशीच असते. तुम्ही होता, याची साक्ष देणारी तेवढी एकच जागा. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, मी अमरावतीत कुकर लावून त्या घरात शिरलो की ती अकोल्याहून आधीच आलेली असे आणि पडद्यांचा रंग बदलत असे. "उशीर केला," ती लिहायची. अहाहा! ज्या माणसाला घरी यायला उशीर झाला म्हणून कोणी बोलतच नाही, त्यालाच या दोन शब्दांची किंमत कळेल.

आता सामानाचं सांगतो. त्या खेळाच्या दुकानात सिंहासनं होती, अस्वलांची कातडी होती, छताला टांगायचं अजगराचं मुंडकं होतं. बंगई नव्हती. पातूरला हिच्या माहेरी सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, सागवानी बंगई आहे. कड्या करकरतात, पण आल्यागेल्याला तिच्यावरच बसवतात. "बंगई नाई ते काय घर आहे काय?" झालं. मी बागेच्या विभागातून एक लाकडी बाक आणला, तुरुंगाच्या विभागातून चार साखळ्या आणल्या आणि ते सगळं हवेत अधांतरी जुळवायला बसलो. बाक भिंतीत घुसे. साखळी बाकातून आरपार जाई. एकदा तर अख्खी बंगई शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडली आणि त्या परदेशी गृहस्थानं ती काहीतरी कलाकृती समजून मला टाळ्या वाजवून दाखवल्या. शेवटी जमली. तिच्यावर बसता येत नव्हतं, बसायला गेलं की माणूस थेट फरशीवर. हलायचा तर प्रश्नच नाही. पण दिसायची हुबेहूब. एक पुणेकर खेळाडू येऊन लिहून गेला, "झोपाळा छान जमलाय हं तुमचा." हिनं ताडकन उत्तर दिलं, "झोपाळा तुमच्या इकडं. हे बंगई होय."

मग भातकुलीला, आमच्या गावी, माझी आई न्हाणीत पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. मी रजा टाकून तिच्या उशाशी जाऊन बसलो, आणि कॉम्प्युटर अमरावतीच्या खोलीत राहिला. त्या खेळाचा एक नियम होता की घरात कोणी फार दिवस फिरकलं नाही, तर जागा काढून दुसऱ्याला देतात. पण मला काळजी नव्हती. ही रोज जात होती. रोज संध्याकाळी फोनवर सांगायची, "घरी जाऊन आली." आईच्या कानावर ते पडायचं. एकदा न राहवून तिनं विचारलं, "कोनाच्या घरी जाते रे रोज ते?"

"आपल्याच."

"आपलं घर त हे होय ना बाबू," आई म्हणाली आणि कुशीवर वळता येत नव्हतं म्हणून नुसतीच छताकडे पाहत राहिली.

एका संध्याकाळी फोन आला. "अहो, घर गेलं."

"गेलं म्हणजे? तू जात होती ना रोज?"

"जातच होती. आज गेली तं नुसतं गवत. पाटी लावली आहे, जागा रिकामी म्हनून." मग ती थांबली. काहीतरी वाचत असावी. "इथं लिहून आहे. मालकानं स्वतः यावं लागते म्हने. पाहुण्यांचं येनं धरत नाईत."

आणि मग ती म्हणाली, "म्हणजे मी पाहुनी होती काय?"

झालं होतं असं, की घर घेताना खेळानं विचारलं होतं, सोबत कोण, सहमालक की पाहुणा? सहमालक करायचं तर तिला त्या खेळातल्या शहरापर्यंत जाऊन होकार द्यावा लागणार होता. मी म्हटलं, कशाला तिला हेलपाटा, आणि पाहुणा दाबून मोकळा झालो. पाहुण्याला सामान लावता येतं, पडदे बदलता येतात, मग अडतं कुठं? हेच वाक्य आमच्याकडे माझ्या वडिलांनी आणि त्यांच्या वडिलांनी तलाठ्यासमोर उभं राहून म्हटलेलं आहे. बाईमाणसाला कशाला हेलपाटा! इतक्या मायेनं, इतक्या सहज आपण घरच्या बाईला घराबाहेर लिहितो की तिलाही पत्ता लागत नाही आणि आपल्यालाही. मी स्वतःला सुधारलेला समजत होतो. भाजी चिरतो, कुकर लावतो. आणि जिच्यावर आधी कोणाचंच नाव नव्हतं अशी जागा मला एका कोऱ्या करकरीत दुनियेत मिळाली, तर तिथंही मी वऱ्हाडातला जुना सातबाराच लिहून आलो.

चिडलो मी पुष्कळ. खेळाच्या कंपनीला इंग्रजीत लांबलचक तक्रार लिहिली. नियमाप्रमाणे झालं आहे, असं अत्यंत विनयानं उत्तर आलं. आता तिच्या नावानं जागेसाठी अर्ज करतो. सोडत निघते, नंबर लागत नाही. "लागू द्या," ती म्हणते, "मंग पाहू तुमाले काय करून ठेवाचं ते." ती हे हसून म्हणते की नाही, ते फोनवर कळत नाही.

परवा फोन कानाला लावून आम्ही दोघं खेळातल्या त्या तळ्याकाठी गेलो होतो. तिथं आता कोणाचा तरी काळा किल्ला उभा आहे, दारात दोन दगडी लांडगे. आम्ही बाहेर रस्त्यावर उभे राहून पाहत होतो, जशी माणसं आपण सोडलेल्या भाड्याच्या घरासमोरून जाताना उगीच थबकतात. काळ घरं पाडतो असं म्हणतात, पण तेवढं खरं नाही. घर पडल्यावरही पाय त्याच वळणावर वळतात, आणि हे मोडकं शहाणपण तेवढं आपल्याजवळ उरतं. "खिडकी चुकीच्या जागी लावली पाहा यानं," ती म्हणाली, "तळं दिसतच नसन." मी हो म्हटलं. ऊन कलल्याचा रंग पाण्यावर पडला होता, खोटाच, पण पडला होता. मग ती सवयीनं म्हणाली, "चला आता, घरी जाऊ."

आणि दोघांपैकी एकही जागचं हललं नाही.