उत्तर न मिळालेली घंटा

प्रिय नील आणि तारा,

भूत-बित यावर माझा कधीच विश्वास नव्हता. तीस वर्षं शाळेत सायन्स शिकवलंय मी! म्हणून घडलं तसं क्रमाने लिहिते.

ठिकाण — नगरच्या दक्षिणेला, दौंड लाइनवरचं एक लहान स्टेशन. माझे पप्पा, म्हणजे तुमचे पणजोबा, तिथे स्टेशन मास्तर होते. दुहेरी लाइन झाल्यावर ते बंद पडलं.

तेव्हा नियम असा होता — पुढच्या स्टेशनने घंटा दिली की मास्तरने स्वतः उलट घंटा द्यायची. त्याशिवाय तिकडून गाडी सुटत नसे. एका दुपारी उलट घंटा गेलीच नाही. एक्सप्रेस तासभर अडकली. पप्पांनी चौकशीत सांगितलं, "घंटा वाजलीच नाही. किसनने घंटेच्या बॅटऱ्यांत पाणी भरलं नव्हतं." किसनमामा म्हणजे आमचा रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन, मला खांद्यावर बसवून शाळेत नेणारा. त्याची नोकरी गेली. सगळं कुटुंब ऊसतोडीला गेलं.

मी तेव्हा सात वर्षांची, स्टेशनशेजारच्या क्वार्टरमध्ये तापाने पडलेली. संध्याकाळी म्हटलं, "पप्पा, घंटा वाजत होती ना?"

"तापात काहीही ऐकू येतं, बेबी. चौकशीच्या साहेबांनी विचारलं तर असलं बोलायचं नाही."

साहेबांनी विचारलं. मी म्हटलं — नाही वाजली. आणि जन्मभर तेच खरं मानलं.

गेल्या ऑक्टोबरात तिकडून जाताना कार थांबवली. दुपारचे दोन. मास्तरांच्या खोलीला दार नाही, घंटेचं यंत्र कधीच काढून नेलेलं... भिंतीत नुसती स्क्रूची भोकं.

"आज्जी, तिकीट काढता का काय?" ड्रायव्हर शंकर हसला.

तेवढ्यात घंटा वाजली.

"तुमचा मोबाईल हाय का?"

"मोबाईल गाडीत आहे."

"मग ह्ये काय वाजतंय? हितं वायर बी न्हाई!"

थांबली. पुन्हा वाजली. मी उलट घंटेची वाट पाहत उभी राहिले. सात वेळा वाजली... एकदाही उत्तर गेलं नाही. तापात ऐकली होती ती अगदी अशीच — मला शंकाच उरली नाही.

शंकर बाहेर पळाला होता. मी सगळी भिंत हाताने चाचपली. काही सापडलं नाही. आजही कारण सांगता येत नाही. त्या दुपारी पप्पा कुठे होते, तेही आता कोण सांगणार?

दरवर्षी नाताळाआधी मी पप्पांच्या कबरीला चुना लावून घेते. यंदा माणूस विचारायला आला होता. मी त्याला परत पाठवलं.

— तुमची आजी